संगणकातली डिस्क ‘बाहेरची’ दिसते तेव्हा

आम्ही कासारवाडीहून बोलतोय. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालात की दापोडीनंतर आमचं स्टेशन येतं आणि आमच्यानंतर पिंपरी. नाशिक फाट्याचा मोठा पूल म्हटलं की बऱ्याच जणींना जागा लक्षात येईल. आमचा चौदा जणींचा बचत गट आहे. कुणी बीडची, कुणी लातूरची, कुणी जुन्नरची, दोघी तिघी मूळच्या इथल्याच. भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना आम्ही पोळीभाजीचे डबे देतो.

मागच्या वेळी आम्ही डब्याच्या हिशेबाबद्दल बोललो होतो. आज बोलायचं आहे ते त्या हिशेबाच्या संगणकाबद्दल. तुम्ही म्हणाल, डबे करणाऱ्या बायांनी डिस्कबद्दल कशाला बोलायचं? पण आता तुमच्याही ग्रामसंघाच्या, प्रभागसंघाच्या कार्यालयात संगणक आला आहे. नाबार्डनं २०१५ साली बचत गटांचे हिशेब संगणकावर घेण्यासाठी ई-शक्ती हा प्रकल्प सुरू केला. त्यात सुरुवातीला देशातले दोनच जिल्हे होते, झारखंडमधला रामगड आणि आपला धुळे. तेव्हापासून वहीबरोबर पडदाही आपल्या कामात आला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नीट नोंदी ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. त्यातलं पाचवं सूत्र जर संगणकात असेल, तर त्या संगणकाची जुजबी माहिती आपल्याला हवीच.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

आमचा संगणक नवा नाही. एका कंपनीनं जुने संगणक विकायला काढले होते, त्यातला एक आम्ही घेतला. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. ती काढून दुकानदारानं आम्हाला दोन एसएसडी बसवून दिल्या. एक लहान, तिच्यावर विंडोज. दुसरी मोठी, तिच्यावर आमचं सगळं सामान. पडद्यावर लहान डिस्क ‘सी’ नावानं दिसते आणि मोठी ‘डी’ नावानं. डी मध्ये काय होतं? सहा वर्षांची बचत, कुणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, डब्यांची उधारी, सगळ्या जणींच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती.

त्या दिवशी मासिक बैठक होती. दुसऱ्या दिवशी कर्जाच्या कागदांसाठी बँकेत जायचं होतं. गटातली सगळ्यात लहान सभासद, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन कासारवाडीत आलेली, संगणक तीच चालवते. तिनं हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. सगळ्या फायली बंद केल्या. पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढू नये, आधी संगणकाला सांगावं, हे तिला क्लासमध्ये शिकवलेलं. म्हणून तिनं खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळचा बाण दाबला, तिथल्या पेन ड्राइव्हच्या चित्रावर टिचकी मारली. यादी उघडली. यादीत एकच नाव असायला हवं होतं. तिथं तीन होती. सगळी इंग्रजीत, अक्षरं आणि आकडे मिसळलेली. तिनं त्यातल्या एकावर ‘इजेक्ट’ केलं. आणि पडद्यावरचा डी ड्राइव्ह गेला.

खोलीत एकदम शांतता झाली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, तरी सांगत होते वहीच बरी. कुणी म्हणालं, हिनं पुसलं. एक जण तर म्हणाली, हिच्याच कर्जाचे दोन हप्ते राहिलेत, बरं झालं तिला. मैत्रिणींनो, हे वाक्य आमच्याच तोंडातलं आहे, म्हणून आज रेडिओवर आम्हीच सांगतोय. ती मुलगी काही बोलली नाही. उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पोळ्यांना आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही काय केलं? संगणक बंदही केला नाही. हात लावला तर उरलंसुरलंही जाईल, या भीतीनं तसाच चालू ठेवून वर ओढणी टाकली. दोघी एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं संगणक न बघताच सांगितलं, डिस्क गेली असणार, आतलं सामान परत काढायला आठ दहा हजार लागतील, तेही मिळेल की नाही सांगता येत नाही. आम्ही तोंड पाडून परत आलो. बँकेत जायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातल्या एकीची लेक आली. ती आयटीआयला संगणकाचा कोर्स करते. तिनं ओढणी बाजूला केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, रीस्टार्ट केला का?” आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिनं रीस्टार्ट केला. दोन मिनिटांत डी ड्राइव्ह जागेवर आला. सहा वर्षांची बचत, उधारी, आधार कार्डं, सगळं जसंच्या तसं.

तिनं समजावून सांगितलं ते आता तुम्हाला सांगतो, कारण आमच्यासारखीच वेळ तुमच्यावर येऊ शकते.

‘इजेक्ट’ म्हणजे पुसणं नव्हे. इजेक्ट म्हणजे संगणक त्या डिस्कला म्हणतो, तुझं माझं बोलणं संपलं, आता तुला काढलं तरी चालेल. पेन ड्राइव्हला आपण हेच सांगतो. फरक इतकाच की पेन ड्राइव्ह हातात येतो आणि आतली डिस्क डब्यातच बसून राहते. तिच्यातलं काही कमी होत नाही. संगणक पुन्हा सुरू झाला की तो सगळ्यांची हजेरी घेतो आणि तिला पुन्हा ओळखतो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. रीस्टार्टच करा. नुसतं शट डाउन करून पुन्हा चालू केलं, तर विंडोज पुष्कळदा अर्धवट झोपलेलं असतं आणि जुनीच आठवण घेऊन उठतं. रीस्टार्टमध्ये ते पहिल्यापासून सुरू होतं.

मग आम्ही तिला विचारलं, आतली डिस्क, स्क्रूनं आवळलेली, ती बाहेर काढायच्या यादीत आलीच कशी?

ती म्हणाली, संगणकाला डोळे नाहीत. डिस्क डब्याच्या आत आहे की बाहेर लटकते, हे विंडोजला दिसत नाही. ते मदरबोर्डला विचारतं, आणि मदरबोर्ड आपल्या नोंदीत बघून उत्तर देतो. एसएसडी ज्या वायरनं जोडतात त्या जोडणीला साटा म्हणतात. ही जोडणी बनवतानाच अशी सोय ठेवली आहे की मशीन चालू असतानाही डिस्क काढता घालता यावी. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये तशी गरज पडते. या सोयीला हॉट प्लग म्हणतात. मदरबोर्डवर साटाची चार सहा भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ज्या पोर्टपुढे ‘हॉट प्लग चालू’ अशी नोंद असेल, त्यावरची डिस्क विंडोज काढता येण्यासारखी समजतं आणि पेन ड्राइव्हच्या पंगतीला बसवतं.

म्हणजे कसं, तर घरची सून पाहुण्यांच्या वहीत लिहून ठेवायची. ती स्वयंपाक करते, घर चालवते, पण वही वाचणारा म्हणतो, ही तर चार दिवसांची पाहुणी. चूक सुनेची नाही, चूक वहीतल्या नोंदीची. डिस्क चांगली होती. आमच्या मुलीनंही काही वावगं केलं नव्हतं. ती तर शिकवल्याप्रमाणे नीटच वागली होती. चुकलं होतं ते यादीतलं नाव.

तुमच्या संगणकात असं आहे का, हे आज घरी किंवा कार्यालयात गेल्यावर बघा. सगळे पेन ड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क, मोबाइलची वायर काढून ठेवा. मग कोपऱ्यातल्या बाणात ते पेन ड्राइव्हचं चित्र दिसतं का बघा. बाहेर काही जोडलेलं नसताना त्या यादीत डिस्कचं नाव आलं, तर ती आतली डिस्क आहे. ते नाव कागदावर उतरवून ठेवा आणि तिथं इजेक्ट करू नका. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती सी सहसा निघत नाही, ‘वापरात आहे’ असा निरोप येतो. धोका असतो तो दुसऱ्या डिस्कला, म्हणजे नेमका जिथं आपला हिशेब ठेवलेला असतो तिला.

आता दुरुस्ती. यात डबा उघडावा लागत नाही, नवी डिस्क घ्यावी लागत नाही, आणि फॉरमॅट तर अजिबात करायचं नाही. कुणी फॉरमॅट करू म्हणालं तर हात जोडा आणि संगणक घरी आणा.

पहिलं काम, सगळ्या महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. त्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरं काम, बिटलॉकर चालू आहे का ते बघा. बिटलॉकर म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप. काही संगणकांत ते आपल्याला न कळत लागलेलं असतं. पुढं आपण जो बदल करणार आहोत, तो केल्यावर असा संगणक सुरू होताना ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतो. ती किल्ली बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक सुरू केला त्या खात्यात असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. आमच्या संगणकाला कुलूप नव्हतं, पण आम्ही बघून मगच पुढं गेलो.

तिसरं काम, बायोसमध्ये जाणं. विंडोज सुरू व्हायच्या आधी मदरबोर्डची जी नोंदवही उघडता येते ती बायोस. संगणक रीस्टार्ट करायचा आणि पडदा उजळला की लगेच डिलीट किंवा एफ २ हे बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. काही कंपन्यांचं बटण वेगळं असतं, पहिल्या पडद्यावर बहुधा लिहिलेलं असतं. आत गेल्यावर माऊस चालला नाही तर बाणाच्या बटणांनी फिरायचं. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. ही युक्ती त्या मुलीचीच. चुकलं तर पहिलं काय होतं ते फोटोत असतं.

तिथं साटा कॉन्फिगरेशन किंवा स्टोरेज असं पान शोधायचं. त्यात पोर्ट एक एक करून लिहिलेले असतात आणि कोणत्या पोर्टवर कोणती डिस्क आहे तेही दिसतं. आपण कागदावर उतरवलेलं नाव तिथं जुळवायचं. त्या पोर्टखाली ‘हॉट प्लग’ किंवा ‘एक्स्टर्नल साटा’ असं काही असेल, आणि पुढं ‘एनेबल्ड’ असेल, तर ते ‘डिसेबल्ड’ करायचं. बस, एवढाच बदल. बहुतेक संगणकांत एफ १० दाबलं की बदल जपून बाहेर पडता येतं.

त्याच पानावर ‘साटा मोड’ म्हणून एक ओळ असते. तिथं एएचसीआय किंवा रेड असं लिहिलेलं असतं. तिला बोट लावू नका. ती बदलली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि मग खरंच दुकान गाठावं लागतं.

आमच्या संगणकात दोन्ही पोर्टपुढे हॉट प्लग चालू होतं. दोन्हीकडे बंद केलं. संगणक सुरू झाला. बाणावर टिचकी मारली, तर पेन ड्राइव्हचं चित्रच नाही. पेन ड्राइव्ह लावला तेव्हा आलं, आणि यादीत त्याचं एकट्याचं नाव. वेळ किती लागला? चहा होईपर्यंत. खर्च काही नाही.

काही संगणकांच्या बायोसमध्ये ही ओळच नसते. मग दोन वाटा. एक, मदरबोर्डच्या किंवा संगणकाच्या कंपनीकडून बायोसची आणि साटाच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती घेणं. पण बायोस बदलत असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे विजेचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाट मायक्रोसॉफ्टनंच ठेवली आहे. विंडोजच्या रेजिस्ट्री नावाच्या आतल्या वहीत ‘ट्रीट ॲज इंटर्नल पोर्ट’ अशी एक नोंद घालता येते. तिचा अर्थ, या क्रमांकाच्या पोर्टवरची डिस्क घरची समज. ही नोंद विंडोजचा स्वतःचा साटा ड्रायव्हर चालू असेल तरच लागू होते. पोर्टचा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या माहितीत ‘लोकेशन’ या ओळीत ‘बस नंबर’ म्हणून दिसतो. हे काम आपण नवख्यांनी करायचं नाही, जाणकाराकडून करून घ्यायचं. पण दुरुस्तीवाल्यापुढे जाताना ‘हॉट प्लग’ आणि ‘ट्रीट ॲज इंटर्नल पोर्ट’ हे दोन शब्द कागदावर लिहून न्या. आपल्याला रोग माहीत आहे हे समोरच्याला कळलं की बोलणं सरळ होतं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक वेळी डिस्क दिसत नाही म्हणजे हेच कारण असेल असं नाही. रीस्टार्ट केल्यावरही आली नाही, आणि बायोसच्या पानावरही तिचं नाव नाही, तर वायर ढिली झाली असेल किंवा डिस्क खरंच बिघडली असेल. तेव्हा माहितगाराला डबा उघडून वायर बघायला सांगा. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी पुष्कळदा खरखर करायची. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती आवाज न करता, काही वेळा काही खूण न देता बंद पडते. म्हणून प्रतीशिवाय भरवसा नाही.

या तीन दिवसांनंतर आमच्या बैठकीत तीन ठराव झाले. ते इतिवृत्तात लिहिले आहेत.

पहिला ठराव, हिशेबाच्या तीन प्रती. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हची प्रत दुसऱ्या सभासदाच्या घरी, कारण आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर एकाच खोलीतल्या तिन्ही प्रती एकदम जातात. बैठकीच्या दिवशी प्रत घ्यायची आणि वहीत तारीख टाकून दोघींनी सही करायची. आधार आणि पासबुकाच्या प्रती असलेल्या पेन ड्राइव्हला पासवर्ड घालायचा. कागदी वहीही चालूच ठेवायची.

दुसरा ठराव, संगणकाचं काम एकटीकडे ठेवायचं नाही. आता तिघी शिकतायत. एकीलाच येतं तेव्हा तिच्यावर आपण विसंबतोही आणि संशयही घेतो.

तिसरा ठराव लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो असा, काही दिसेनासं झालं तर ‘कुणी केलं’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा नाही. आधी बघायचं, रीस्टार्ट करायचं, प्रत तपासायची. नोंद चुकीची असू शकते, यंत्र चुकीचं सांगू शकतं. माणसाचं नाव घ्यायचं ते सगळ्यात शेवटी, आणि खात्री झाल्यावरच.

डी ड्राइव्ह परत आला त्याच रात्री आम्ही पाच जणी त्या मुलीच्या घरी गेलो. जिनं हप्त्यांचं बोललं होतं, ती सगळ्यांच्या पुढं होती. दारातच म्हणाली, “बाई, मी चुकले.” सासूबाईंना आधी काही कळेना. मग आम्ही सगळं सांगितलं, सासूबाईंसमोरच सांगितलं, कारण तीन दिवस घरात तिला काय ऐकावं लागलं असेल ते आम्ही ओळखून होतो. ती लगेच हसली वगैरे नाही. चहा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पोळ्यांना आली. तिचे दोन हप्ते त्या महिन्यात भरूनही झाले. आणि बँकेतही तीच आली, पेन ड्राइव्ह पदराला बांधून. कर्जाचे कागद आठवडाभर उशिरा गेले, पण गेले.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढं करा. पेन ड्राइव्ह काढून ती यादी बघा, आणि हिशेबाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि तुमच्या गटात संगणक चालवणारी जी कुणी लेक असेल, सून असेल, तिला हे भाषण वाचून दाखवा.